शब्दचर्चा : 'प्लाझ्मिड'ला मराठी शब्द हवा का?

नववीच्या मुलांसाठी लेख लिहितेय : माणसाचं इन्सुलिन जिवाणूंकडून कसं करून घेतात. जीनला जनुक, क्रोमोसोमला गुणसूत्र, एन्झाइमला विकर, इथवर गाडी नीट आली आणि प्लाझ्मिडपाशी अडली. मसुदा घरी वाचायला दिला तर सासूबाईंनी विचारलं, "कोविडमध्ये बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा द्यायचे, त्यातलंच का गं हे?" म्हणून मी 'जनुकवलय' असा शब्द घडवलाय. चालेल? आणि नाहीच चालला तर प्लाझ्मिड लिहू की प्लास्मिड?

* * *

ताई, सासूबाईंची शंका रास्त आहे. नातं आहे, पण लांबचं.

ग्रीकमध्ये 'प्लाझ्मा' म्हणजे आकार देऊन घडवलेली वस्तू. प्लॅस्टिक आणि प्लास्टर हेही त्याच घराण्यातले. पुढे रक्तातल्या पिवळसर द्रवाला प्लाझ्मा म्हणू लागले (आपलं रक्तद्रव), आणि पेशीतल्या द्रवाला सायटोप्लाझम. या सायटोप्लाझमचं शेपूट धरून १९५२ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी 'प्लाझ्मिड' शब्द केला. गुणसूत्राबाहेर राहून पुढच्या पिढीत उतरणारं जे जे काही, ते सगळं त्यांना त्या एका शब्दात बसवायचं होतं. नंतर अर्थ आकसत गेला. आज प्लाझ्मिड म्हणजे मुख्यतः जिवाणूच्या पेशीत गुणसूत्रापासून वेगळा राहणारा आणि आपल्या प्रती स्वतंत्रपणे काढून घेणारा डीएनए. आकार बघा : ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं, असतात. प्रयोगशाळांत गाजलेल्या पीबीआर३२२ या प्लाझ्मिडमध्ये ४,३६१.

गंमत अशी की कोविडात दोघंही हजर होते. झायकोव्ह-डी ही अहमदाबादच्या कंपनीची लस, जिला ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, ती प्लाझ्मिडचीच. पण तिचं नाव 'डीएनए लस' म्हणून झालं आणि हा शब्द घराघरांत जायचा राहिला. संधी हुकली!

उच्चारात झ आहे, प्लाझ्मा आपण झनेच लिहितो. तेव्हा प्लाझ्मिड.

* * *

'जनुकवलय'ला माझी हरकत. लाइम रोगाच्या जिवाणूत सरळ, दोन टोकं असलेली प्लाझ्मिडंही सापडतात. तिथे वलय कुठून आणणार?

* * *

मग सरळ 'वाहक' म्हणा की. तो रुळलेला शब्द आहे.

* * *

काका, वाहक हा व्हेक्टरसाठी, म्हणजे जनुक पेशीत वाहून नेणाऱ्या कशाहीसाठी. प्लाझ्मिडला आपण वाहक म्हणून कामाला लावतो, तसं विषाणूंनाही लावतो. शिक्षकाला 'निवडणूक अधिकारी' म्हणण्यासारखं झालं ते : ड्यूटी लागली तर खरं, एरवी नाही. शिवाय त्या बिचाऱ्या शब्दावर आधीच किती ओझं आहे! माझे वडील एसटीत वाहक होते. मलेरियाचा डास वाहक. सिकलसेलचं एकच सदोष जनुक घेऊन हिंडणारा धडधाकट माणूसही वाहक. तांबं तर सुवाहक. आणि गणिताच्या तासाला गेलं की तोच व्हेक्टर 'सदिश' होऊन बसतो. मुलांनी पेपरात काय लिहायचं?

* * *

रत्नागिरीकडचा आहे, त्यामुळे आंब्यावर येणारच. नामाचं राहू द्या, क्रियापद बघू. जनुक कापून प्लाझ्मिडमध्ये बसवणं, याला 'कलम करणं' का म्हणू नये? रायवळची कोय रुजवायची, रोपाचा शेंडा छाटायचा, त्यावर हापूसची काडी बसवून घट्ट बांधायची. खुंट एकाचा, फळ दुसऱ्याचं. कोकणातल्या पोराला दुसरं काही समजावायला नको.

* * *

दादा, उपमा गोड आहे, पण नेमक्या जागी फसते. कलमात खुंट रायवळच राहतो आणि काडी हापूसच. दोघांचा रस मिसळतो, डीएनए मिसळत नाही. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या गटांनी केलं ते वेगळं. इको-आर-वन हे विकर डीएनएमध्ये जीएएटीटीसी ही अक्षरं दिसली की तिथेच कापतं, आणि कापताना चार अक्षरांचं लोंबतं टोक ठेवतं. दोन वेगळ्या डीएनएंना एकाच विकराने कापलं तर अशी टोकं एकमेकांना बरोबर जुळतात. मग लायगेज हे दुसरं विकर जोड पक्का करतं. कलमाची गाठ झाडावर वर्षानुवर्षं दिसते. इथे मागे गाठ राहत नाही, नवा तुकडा प्लाझ्मिडचाच होतो आणि त्याच्याबरोबर त्याच्याही प्रती निघतात. मी याला 'सांधणं' म्हणेन. (त्यांच्या प्लाझ्मिडचं नाव पीएससी१०१. त्यातलं एससी म्हणजे स्टॅन्ली कोहेन. नावं ठेवण्याची हौस सगळीकडे सारखीच.)

पण 'कलम' हातचा घालवू नका. ग्रीकमध्ये 'क्लोन' म्हणजे डहाळी. हा शब्द १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर यांनी आणला तो फांदी, काडी, कंद यांपासून वाढवलेल्या झाडांसाठीच. तुमच्या बागेतली हापूसची कलमं म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने क्लोन! तेव्हा क्लोनला कलम म्हणा, मी पाठिंबा देईन. सांध्याला नको.

* * *

यवतमाळातून लिहितो. आमच्याकडच्या बीटी कापसातही प्लाझ्मिड आहे, म्हणजे त्याच्या जन्मकथेत आहे. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू झाडाच्या पेशीत आपल्या डीएनएचा तुकडा घुसवतो आणि तिथे गाठ आणतो. ही करामत त्याच्या टीआय प्लाझ्मिडची. शास्त्रज्ञांनी गाठ आणणारी जनुकं काढून टाकली, घुसण्याची कला ठेवली आणि मोकळ्या जागेत आपल्याला हवं ते जनुक बसवलं. कापसात बोंडअळीला मारणारं जनुक असंच पोचलं.

२००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली तेव्हा 'जनुकीय रूपांतरित' की 'जनुकीय सुधारित' यावर छापील वाद होते. शेतकरी 'बीटी' म्हणून मोकळा झाला. पुढे तणनाशक सोसणारं बियाणं परवानगीविना येऊ लागलं, त्याला नाव पडलं 'चोरबीटी'. कुठल्या परिभाषा समितीला सुचला असता हा शब्द? ताई, प्लाझ्मिड तसंच ठेवा. भोवतालची क्रियापदं मराठी असली की परकं नाम खपून जातं.

* * *

सर्वांचे आभार. जनुकवलय मागे घेतलं. परिच्छेद असा केलाय :

'जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएचे छोटे, सुटे तुकडे असू शकतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. नाव प्लाझ्मासारखं असलं तरी ते रक्तात नसतात. शास्त्रज्ञ विकराने प्लाझ्मिड उघडतात, त्यात इन्सुलिनचं जनुक सांधतात आणि ते जिवाणूत सोडतात. जिवाणू वाढत जातो तसं ते जनुकही वाढत जातं, आणि जिवाणू इन्सुलिन बनवू लागतो.'

* * *

छान उतरलंय. एकच दुरुस्ती. १९७८ मध्ये पहिल्यांदा जमलं तेव्हा अख्खं इन्सुलिन एका जिवाणूने केलं नव्हतं. त्याच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंकडून करून घेतल्या आणि नंतर बाहेर जोडल्या. ते औषध अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झालं. त्याआधी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत, हे एक वाक्य घाला. मुलांना ते लक्षात राहतं.

* * *

घालते. आता सासूबाईंचा नवा प्रश्न : तो प्लाझ्मिड की ते प्लाझ्मिड? त्यांच्या मते माझ्या परिच्छेदात दोन्ही आहेत.

* * *

आमच्या प्रयोगशाळेत 'ते'. "प्लाझ्मिड काढलंस का? कट झालं का?" असं दिवसभर चालतं. अनेकवचनात मात्र 'प्लाझ्मिडं' म्हणताना कुणाची जीभ वळत नाही, सगळे 'प्लाझ्मिड्स' म्हणतात. आणि हो, 'सांधलं का?' असं आजवर कुणी विचारलेलं नाही. सोमवारी विचारून बघतो.