डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं) करताना कमरेत उसण भरली. पुन्हा बार कधी धरावा?

सह्याद्री_८४
वय ३१, वजन ७८ किलो. मंगळवारी १२० किलोच्या शेवटच्या सेटमध्ये बार जमिनीवरून सुटतानाच कमरेत डावीकडे चमक भरली. दुखणं पट्ट्याच्या रेषेत आणि कुल्ल्याच्या वरच्या भागात आहे. पायात उतरत नाही, मुंग्या नाहीत. सकाळी उठताना आणि मोजे घालताना जास्त दुखतं, थोडं चाललं की मोकळं वाटतं. घरचे म्हणतात पंधरा दिवस झोपून राहा, जिममधले म्हणतात एमआरआय काढा. नेमकं काय करू? व्यायाम कधी आणि कशाने सुरू करू?

फिजिओ_नाशिक
लक्षणं स्नायूच्या ताणाची वाटतात, पण आधी हे तपासा. दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटणं, लघवी अडणं किंवा शौचावरचा ताबा सुटणं, पाऊल उचलता न येणं, यातलं एक जरी असेल तर आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा. ताप असेल किंवा कळ गुडघ्याखाली उतरू लागली, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

यातलं काही नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची गरज नसते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्याही एमआरआयमध्ये डिस्क (मणक्यांमधली चकती) थोडी बाहेर आलेली दिसते. तो रिपोर्ट हातात आला की माणूस उगाच वाकायला घाबरतो आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो.

झोपून राहू नका. अगदीच हलता येत नसेल तर एखादा दिवस ठीक, त्यापुढे स्नायू आखडतात. दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसू नका. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर आठवडाभर कमोड वापरा. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी टाळा. शिंक आली तर वाकू नका, हात टेबलावर किंवा भिंतीवर टेका. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खाली वाकायचं काम करू नका. मोजे नंतर घाला.

दुखणं कमी करायची गोळी डॉक्टरांना विचारून आणि जेवणानंतरच घ्या. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, बीपी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आधी सांगा. गोळी घेऊन वजन उचलायला मात्र जाऊ नका, कारण थांबायचा इशारा देणारी कळच तेव्हा दबलेली असते.

लोखंडी_कणा
वर सांगितलंय ते पाळलंत तर साधारण आठवड्याभरात व्यायाम सुरू करता येईल. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक आणि पाठदुखीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम यासाठी उत्तम: कर्ल-अप, गुडघ्यांवरचा साइड प्लँक (कुशीवर कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचलून धरणं) आणि बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात आणि विरुद्ध पाय सरळ ताणणं). प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं. आधी सहा, मग चार, मग दोन वेळा, आणि हे दोन्ही बाजूंना. कर्ल-अपमध्ये एक पाय वाकवा, तळहात कमरेच्या पोकळीखाली ठेवा आणि डोकं-खांदे जमिनीवरून जेमतेम सुटतील एवढेच उचला. पोटाच्या क्रंचेससारखं वर येऊन बसलात तर नेमकी दुखरी जागाच ताणाल.

मग काठीने वाकायचा सराव. काठी डोकं, पाठीचा मध्य आणि माकडहाड या तिन्हींना टेकलेली ठेवून नितंब मागे न्या. हे न दुखता जमलं की हलके डंबेल घेऊन गुडघ्यापर्यंत रोमानियन डेडलिफ्ट (उभं राहून, नितंब मागे नेत वजन खाली सोडणं आणि परत वर येणं), आठ-आठचे तीन सेट. त्यानंतर बार, पण जमिनीवरून नाही, गुडघ्याखाली येईल अशा ब्लॉकवरून. ५० किलोने सुरुवात करा, आठवड्याला फार तर ५ ते १० किलो वाढवा आणि ब्लॉकची उंची हळूहळू कमी करा. १२० गाठायची घाई नको.

कसोटी एकच: करताना दुखणं दहापैकी तीनच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर मागच्या पायरीवर या. थोडं दुखलं म्हणून लगेच सगळं बंद करू नका.

सह्याद्री_८४
दोघांचेही आभार. मेडिकलमधला कमरेचा पट्टा लावू का? आणि मालिशवाल्याकडून कंबर ‘मोडून’ घेतली तर?

फिजिओ_नाशिक
पट्टा प्रवासात तासा-दोन तासांपुरता चालेल, दिवसभर नको. त्याने काही बरं होत नाही. हलकी मालिश हरकत नाही. कंबर मोडून घेणं, पाठीवर पाय देणं साफ टाळा.

बार_आणि_चकत्या
कारणाकडेही बघा, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा हेच होईल. बार सुटतानाच चमक भरली म्हणजे बहुतेक नितंब आधी वर गेले आणि बार नडगीपासून पुढे सरकला. १२० किलोचा बार फक्त ५ सेंटिमीटर पुढे गेला तरी कमरेवर सुमारे ६० न्यूटन-मीटरचा जादा भार येतो. रेप्स (एकेक उचल) आपटत काढल्या की बार दर वेळी थोडा थोडा पुढे जातो. म्हणून प्रत्येक रेपला बार पूर्ण टेकवा, श्वास पोटात भरा, पोट आवळा, बारचा ढिलेपणा हातांनी ओढून घ्या, म्हणजे उचलण्याआधी बार ताणून धरा, आणि मगच जमीन पायांनी ढकला.

दुसरं, तुमच्या जिममधल्या चकत्या मोजा. प्रमाणित मोठ्या चकतीचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. बऱ्याच जिममध्ये लहान चकत्या एकापुढे एक लावून वजन भरतात. व्यास ३५ असेल तर बार ५ सेंटिमीटर खाली बसतो आणि तेवढं जास्त वाकताना कंबर गोल होते. दोन्ही बाजूंच्या चकत्यांखाली सारख्या जाडीच्या रबरी मॅट रचून बार साडेबावीसवर आणा. टेप घेऊन जा, अंदाजाने नको. आणि बारचंही वजन करून घ्या: सगळेच बार २० किलोचे नसतात, कमी वजनाचेही असतात, त्यामुळे ५० किलोचा हिशेब चुकू शकतो.