टॅम्बोर म्हणजे रिंग की ढोल? आरी वर्कवाल्यांनी सांगा

लालबागची_आरी
मी घरूनच ब्लाउजवर आरी वर्कच्या, म्हणजे हुकासारख्या सुईने करायच्या भरतकामाच्या, ऑर्डरी घेते. लग्नसराई संपली, जरा सवड होती म्हणून लोअर परळच्या एका बुटीकचं काम धरलं. त्यांनी पाठवलेल्या कागदावर ‘टॅम्बोर फ्रेम’, ‘टॅम्बोर हुक’ आणि खाली नुसतंच ‘टॅम्बोर – १० नमुने’ असं लिहिलंय. भाचा बँडमध्ये वाजवतो, तो म्हणतो मावशी, टॅम्बोर म्हणजे ड्रम. त्याची बहीण आर्किटेक्चरला आहे, तिने मध्येच घुमट काढला. मला एवढंच सांगा, नवीन काही विकत आणावं लागणार का? मॅडमना फोन करून विचारायची लाज वाटते.

ताशा_गिरगाव
भाचा बरोबर आहे. फ्रेंचमध्ये ढोलाला हाच शब्द. टॅम्बुरीन त्याचंच धाकटं भावंड. भरतकामातलं आपल्याला कळत नाही, काकू येतीलच.

सुईदोरा_काकू
आले. आणि लाज कसली गं त्यात? कागद त्यांनी नीट लिहिला नाही, लाजायचं त्यांनी.

तुझ्याकडे जी रिंग आहे ना, तीच टॅम्बोर फ्रेम. कड्यावर कातडं ताणतात तसं कापड ताणायचं, म्हणून ढोलाचं नाव. टॅम्बोर हुक म्हणजे आरी. आणि ‘१० नमुने’ म्हणजे त्याच हुकाने केलेल्या साखळी टाक्याचे नमुने. ढोल नको नेऊस बुटीकमध्ये.

गंमत बघ. कच्छ-सौराष्ट्रातल्या मोची लोकांनी चामडं शिवायच्या आरीला बारीक रूप देऊन रेशमी भरत केलं, ते ‘मोची भरत’. हुकाने भरायची ही रीत पूर्वेकडूनच अठराव्या शतकात युरोपात गेली आणि फ्रान्समध्ये तिचं एवढं कौतुक झालं की राजाच्या मर्जीतल्या मादाम द पाँपादूरने फ्रेमवर भरत करतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं. १७६३-६४ सालचं आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. आता तीच आरी फ्रेंच नाव लावून आपल्याला दाखवतात, आणि भाव वेगळा!

पण एक गोष्ट मात्र विचारूनच घे: मणी सुलट्या बाजूने लावायचे की उलट्या? आपण सुलट्या बाजूने काम करतो, मणी सुईवर घेतो, दोरा खालून. फ्रान्समधल्या ल्युनेव्हिलच्या पद्धतीत मणी आधीच दोऱ्यात ओवून ठेवतात, कापडाची उलटी बाजू वर आणि मणी खाली. तिथे हुकाच्या मुठीला स्क्रू असतो, तो हुकाच्या तोंडाच्या रेषेत ठेवायचा. आत गेल्यावर तोंड दिसत नाही, स्क्रू बघून कळतं कुठे फिरवायचं ते.

रिंगचं सांगते. आतल्या कड्याला जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळ, नाहीतर सॅटिन सरकतं. टिचकी मारली की टण्ण वाजलं पाहिजे. ढिलं असलं तर हुक कापड ओढून वर आणतो, टाका लांब-आखूड पडतो. रिंग स्टँडवरच लाव, मांडीवर नको. एक हात वर आरीला, दुसरा खाली दोऱ्याला, धरायला तिसरा कुठून आणणार? मोठा गळा असेल तर सरळ खाटेवर, म्हणजे भरतकामाच्या मोठ्या चौकटीवर घे. रिंग पुन्हा पुन्हा सरकवून केलेल्या मण्यांवरच दाबत बसू नकोस.

पट्टी_रंधा
आमच्या फर्निचरच्या धंद्यात टॅम्बोर म्हणजे लाकडी बारीक पट्ट्या कापडावर चिकटवून केलेलं सरकतं दार. खाचेतून गोल वळतं, जुन्या रोलटॉप टेबलाला असायचं. भाचीचंही खोटं नाही. घुमट ज्या गोल भिंतीवर बसतो तिला तो शब्द आहे. ताजमहालाच्या घुमटाखाली बघा, केवढी उंच आहे.

लालबागची_आरी
काकू, शेवटी फोन केलाच. मॅडम म्हणतात उलट्या बाजूने, मणी ओवून. म्हणजे नक्षी कुठे छापू? आणि दर तोच सांगू का?

सुईदोरा_काकू
नक्षी उलट्या बाजूवरच, पण आरशात दिसते तशी. नाहीतर डाव्या खांद्यावरचा मोर उजवीकडे जाईल. नाव किंवा अक्षरं असतील तर छापण्याआधी कागद उजेडाला धरून दोनदा बघ.

दर तोच अजिबात नाही! मणी ओवायचा वेळ कोण देणार? आधी एक छोटा नमुना कर, घड्याळ लावून, मग सांग. आणि ओवायचे मणी भुलेश्वरला घेताना पुडी तिथेच उघड. भोकं लहान-मोठी असली की दोऱ्यावर अडकतात, अर्धी पुडी वाया.

लालबागची_आरी
शुक्रवारी जाते. दोरा कुठला घेऊ?

सुईदोरा_काकू
मण्याच्या भोकातून सहज सरकेल असा बारीक आणि पीळ घट्ट असलेला. पीळ सुटला की हुक दोरा फाडतो. एकच रीळ आण आधी.