दुकान बदललं म्हणजे 'पिव्हट' झालं का?

विश्रामबागकर:
काल सांगलीच्या ग्रुपवर एकानं टाकलं, 'चहाची गाडी बंद केली, आता प्लॉटची दलाली. लाइफमध्ये पिव्हट केलं!' खाली अभिनंदनाची रांग. मला राहवेना. पिव्हट म्हणजे मुळात खुंटा. आजीचं जातं आठवा, वरचा दगड गरगरा फिरतो, खालच्या दगडातला खुंटा जागचा हलत नाही. बास्केटबॉलमध्येही चेंडू हातात धरून एक पाय रोवायचा आणि दुसऱ्यानं वळायचं. रोवलेला पाय घसरला की ट्रॅव्हलिंग, चेंडू समोरच्यांना. 'द लीन स्टार्टअप' लिहिणाऱ्या एरिक रीसनं स्टार्टअपवाल्यांना हा शब्द दिला तो याच अर्थानं: एक पाय जागेवर ठेवून दिशा बदलायची. दलालीत चहाचं काय उरलं? धंदा बदलला म्हणा की सरळ.

मिरजेचा वाचक:
शब्द जात्यातच अडकवून ठेवायचा का? स्लॅक बघा, ऑफिसातल्या लोकांचं चॅट ॲप. ती मंडळी 'ग्लिच' नावाचा गेम चालवत होती. 2012 मध्ये गेम बंद झाला आणि आपसात बोलायला केलेलं चॅट त्यांनी विकायला काढलं. गेमचं काय उरलं? तरी सगळे त्याला पिव्हटच म्हणतात.

विश्रामबागकर:
माणसं तीच, सॉफ्टवेअर त्यांचंच. तोच रोवलेला पाय.

तासगावचा बागायतदार:
आमच्याकडं मार्चात व्यापाऱ्यानं द्राक्षांचा ठरलेला दर पाडला. वडिलांनी सगळी तोड बेदाण्याला लावली. लवकर सुकावेत म्हणून कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवले, शेडमध्ये जाळीवर पसरले, पंधरा दिवस आभाळाकडं बघत बसलो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा. बाग तीच, बाजार बदलला. हा पिव्हट नाही तर काय?

कवठेमहांकाळ:
ही मजबुरी. बेदाणा करायचा तर छाटणीपासून तसं धरावं लागतं, गोडी भरू द्यावी लागते. व्यापारी पळाला म्हणून ऐनवेळी शेड गाठणं म्हणजे वळणं नव्हे.

तासगावचा बागायतदार:
तुमची बाग किती, तेवढं सांगा. रात्री दोनला अवकाळीत ताडपत्री ओढताना माझ्या आईचा हात मोडलाय. मजबुरी कशाला म्हणतात ते आम्हाला शिकवू नका.

कवठेमहांकाळ:
दीड एकर. गेल्या हंगामात पावसाची एक सर आत आली आणि तीन रॅक काळे पडले, कुणी हात लावेना. म्हणून बोललो. आईंचं वाचून वाईट वाटलं, तेवढा शब्द मागं घेतो. पण छाटणीचं म्हणणं सोडणार नाही.

कुंडलची मास्तरीण:
बेदाण्यावरून भांडताय, आणि 'मोर्चा वळवला' हे घरचं मराठी कुणालाच आठवलं नाही! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचा धंदा मांडला, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि 1910 ला आमच्या शेजारी किर्लोस्करवाडी. त्यांना कुठला इंग्रजी शब्द लागला होता?

विश्रामबागकर:
बाई, मोर्चा वळतो तेव्हा सगळी फौज हलते. त्यात खुंटा कुठंय? किर्लोस्करांचा पाय यंत्रावर होता, शेवटपर्यंत. उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

मिरजेचा वाचक:
प्लॉटवाल्याला पिव्हट म्हणू नये, एवढं मान्य. स्लॅकचं मात्र मला अजून पटलेलं नाही.