जुन्या इंग्लिश पोर्सिलेन पुतळ्या आणि आर्ट पॉटरी : सोनेरी नांगराची खूण कितपत विश्वासार्ह?

मृद्गंध

नमस्कार.

इंग्लंडमध्ये राहत असल्यामुळे येथील लिलावांना आणि जुन्या वस्तूंच्या जत्रांना जाण्याची संधी मिळते. त्यातूनच जुन्या इंग्लिश पोर्सिलेन (उत्तम प्रतीच्या चिनीमातीच्या) पुतळ्यांची आणि येथे ज्यांना आर्ट पॉटरी म्हणतात त्या कलात्मक मृत्पात्रांची आवड लागली. आता थोडेथोडे, पण विचारपूर्वक जमवावे असे मनात आहे. वाचन बरेच केले आहे, तरीही वस्तू प्रत्यक्ष हातात आली की वाचलेल्या गोष्टी तिच्यात नेमक्या कुठे शोधायच्या हे उमगत नाही.

तातडीचा प्रश्न एका पुतळीविषयी आहे. लवकरच होणाऱ्या एका लिलावात फुलांची परडी घेऊन बसलेल्या मेंढपाळ मुलीची, सुमारे १८ सेंटीमीटर उंचीची पुतळी विक्रीस येणार आहे. तिच्या पाठीशी पानाफुलांचे दाट झुडूप आहे आणि तळाला जहाजाच्या नांगराची सोनेरी खूण आहे. सूचीत तिचे वर्णन ‘चेल्सी शैलीतील’, म्हणजे लंडनच्या जुन्या चेल्सी पोर्सिलेन कारखान्याच्या धर्तीची, असे केले आहे. पाहणीच्या वेळी मी ती हातात घेऊन पाहिली. नांगर तळाच्या मधोमध, जवळजवळ एक सेंटीमीटर उंचीचा आणि अगदी सफाईदार रेखलेला आहे. झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, पातळ असून तिच्यात किंचित राखाडी झाक आहे. एका पानाचा टवका उडालेला असून तेथील आतला भाग काच फुटावी तसा गुळगुळीत आणि चमकदार दिसतो. ही पुतळी अठराव्या शतकातील चेल्सीची असू शकेल काय?

दुसरा प्रश्न व्यापक आहे. हाताशी पैसे मर्यादित असताना सुरुवात पुतळ्यांपासून करावी की आर्ट पॉटरीपासून?

भट्टीकाठ

नमस्कार मृद्गंध. आपण उडालेल्या टवक्याचे केलेले वर्णन वाचूनच माझे मत बनले. ही पुतळी चेल्सीची नसावी. त्यामागचे कारण सविस्तर सांगतो, कारण ते एकदा लक्षात आले की अशा कितीतरी पुतळ्यांच्या बाबतीत उपयोगी पडते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर बो, चेल्सी, डर्बी आणि वूस्टर येथील कारखाने जे पोर्सिलेन बनवीत होते ते चीनमधल्या किंवा जर्मनीतील माइसेनच्या पोर्सिलेनसारखे कठीण नव्हते. त्या प्रकारची माती आणि दगड कॉर्नवॉलमध्ये सापडल्यावर विल्यम कुकवर्दी यांनी १७६८ मध्ये प्लिमथ येथे कठीण पोर्सिलेनचे उत्पादन सुरू केले. पण तोपर्यंत इंग्लिश कारखान्यांनी आपापल्या परीने वेगळे मार्ग काढले होते. बो येथे मातीत हाडांची राख मिसळत, वूस्टरला सोपस्टोन या मऊ दगडाची पूड घालत, तर चेल्सीचे सुरुवातीचे मिश्रण काचेच्या भुकटीवर आधारलेले होते आणि सोनेरी नांगराच्या काळात तेथेही हाडांची राख आली. या सर्वांना ढोबळमानाने मऊ पोर्सिलेन म्हणतात. ते फुटले की आतला भाग साखरेच्या ढेपेसारखा रवाळ आणि निस्तेज दिसतो. कठीण पोर्सिलेन मात्र आपण पाहिले तसे, काचेसारखे गुळगुळीत फुटते.

दुसरी कसोटी रंगांची. मऊ पोर्सिलेनवरील शिशाच्या झिलईत वरून दिलेले रंग भाजताना थोडे मुरतात, त्यामुळे गालावरची लाली किंवा झग्यावरची फुले झिलईच्या आतून उमटल्यासारखी भासतात. कठीण पोर्सिलेनवर तेच रंग पृष्ठभागावर बसून राहतात. पुतळी प्रकाशात तिरपी धरून फुलांवरून बोटाचे टोक हलकेच फिरवले तर रंगाच्या कडा जाणवतात. पुन्हा पाहणीची संधी मिळाली तर हे अवश्य करून पाहावे.

आता नांगराविषयी. चेल्सीने साधारण १७४९ पासून उठावाचा, १७५२ ते १७५६ या काळात लाल आणि त्यानंतर १७६९ पर्यंत सोनेरी नांगर वापरला. अस्सल नांगर फार लहान असतो. तो बहुधा पाव इंचापेक्षाही लहान असून पुतळीच्या मागच्या बाजूला, बैठकीजवळ, सहज नजरेस न पडणाऱ्या जागी असतो. तळाच्या मध्यावर ठसठशीत सोनेरी नांगर काढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील नकलाकारांची. त्यांत पॅरिसच्या सॅमसन कारखान्याचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. एद्मे सॅमसन यांनी १८४५ मध्ये सुरू केलेल्या या कारखान्याने चेल्सी, डर्बी, माइसेन आणि चिनी पोर्सिलेन यांच्या असंख्य प्रतिकृती केल्या, आणि त्या बहुतांशी कठीण पोर्सिलेनच्या आहेत. आपली पुतळी सॅमसनचीच आहे असे छायाचित्राशिवाय म्हणणे योग्य ठरणार नाही, पण ती त्या परंपरेतील असावी. सूचीतील ‘शैलीतील’ हा शब्दही तेच सुचवतो. विक्रेत्याने ती चेल्सीची असल्याचा दावा केलेला नाही.

याचा अर्थ ती घेऊ नये असा नाही. एकोणिसाव्या शतकातील चांगल्या प्रतिकृतींचेही संग्राहक आहेत. फक्त बोली त्या हिशेबाने लावावी, आणि लिलावात हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचे कमिशन व त्या कमिशनवर व्हॅट लागतो, हेही आधीच गणित करून ठेवावे.

एक सांगायचे राहिले. डर्बीच्या पुतळ्यांवर पुष्कळदा कोणतीच खूण नसते. मात्र भट्टीत त्या मातीच्या छोट्या गोळ्यांवर ठेवत, त्यामुळे तळाला तीन किंवा चार काळपट गोल डाग राहतात. नांगराच्या सोनेरी रेघेपेक्षा त्या डागांवर माझा अधिक विश्वास आहे, कारण ते भट्टीत आपोआप पडलेले असतात.

निळाई

भट्टीकाठ यांच्या विवेचनाशी पूर्ण सहमत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे: सुरुवात आर्ट पॉटरीपासून करावी, आणि शक्य असेल तर डोल्टन या कंपनीच्या लॅम्बेथ येथील स्टोनवेअरपासून, म्हणजे दगडासारख्या कठीण भाजलेल्या भांड्यांपासून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावर निघालेल्या एकसारख्या भांड्यांना कंटाळलेल्या कलावंतांनी हाताच्या कामाला पुन्हा मान मिळवून दिला. लंडनमधील लॅम्बेथच्या कला विद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुण मुलींना डोल्टनने काम दिले आणि त्यांना आपल्या कामावर स्वतःची आद्याक्षरे कोरू दिली. हॅना बार्लो यांनी तेथे १८७१ पासून चार दशके काम केले. भांडे कच्चे असतानाच त्या टोकदार हत्याराने थेट ओल्या मातीवर घोडे, गाढवे, हरणे रेखाटत आणि त्या रेघांत रंग भरत. अशी एखादी फुलदाणी हाती आली तर भिंगातून घोड्याच्या मानेची रेघ पाहावी. हत्यार जेथे टेकले तेथे रेघ खोल आहे, जेथे उचलले तेथे ती विरत गेली आहे आणि कडेला बाजूला सरलेल्या मातीचा बारीक बांध अजून तसाच आहे. साच्यातून काढलेल्या नकलेत हा बांध बोथट होतो. शिवाय तळाला कारखान्याचा ठसा, बरेचदा वर्षाचा ठसा, बार्लो यांची बी-एच-बी अशी गुंफलेली आद्याक्षरे आणि साहाय्यक कारागिरांच्या खुणा असे सर्व एकत्र मिळते. नवशिक्याला इतकी माहिती स्वतःहून देणारी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल.

रंगाचे वेड असेल तर स्मेदिकची रस्किन पॉटरी पाहावी. विल्यम हाउसन टेलर यांनी १८९८ मध्ये आपल्या वडिलांबरोबर ती सुरू केली. अतिशय उच्च तापमानाला भाजलेल्या त्यांच्या भांड्यांवर तांबडा, जांभळा आणि हिरवा एकमेकांत असे मिसळतात की दोन भांडी कधीच सारखी निघत नाहीत. १९३५ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी आपल्या झिलयांची सूत्रे नष्ट केली. मूरक्रॉफ्टचे आकर्षण वेगळे आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट यांनी बर्स्लेमच्या मॅकिन्टायर कंपनीत कामाला सुरुवात केली आणि १९१३ मध्ये कोब्रिज येथे स्वतःचा कारखाना उभारला. बारीक नळीतून पातळ माती दाबून फुलांची उठावदार बाह्यरेषा काढायची आणि मधल्या जागा रंगाने भरायच्या, ही त्यांची पद्धत. पुढेही त्या कारखान्याने अनेक दशके नव्या रचना काढल्या, म्हणून जुने मूरक्रॉफ्ट घेताना ठसा व स्वाक्षरी कोणत्या काळातील आहेत हे ताडून पाहणे आवश्यक आहे.

लंडनच्या मार्टिन बंधू या कुंभारांनी घडवलेले माणसासारख्या चेहऱ्याचे पक्षी मात्र सध्या संग्रहालयातच पाहावेत. त्यांची किंमत हजारो पौंडांत जाते आणि त्यांच्या नकलाही बाजारात आहेत.

मृद्गंध

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. या पुतळीवर बोली न लावण्याचे ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. जत्रांत डोल्टनच्या घेरदार झग्यातील स्त्रियांच्या पुतळ्या फार स्वस्तात दिसतात, त्या घ्याव्यात काय? आणि झिलईतील बारीक तड्यांची जाळी किंवा लपवलेली दुरुस्ती कशी ओळखावी?

संग्राहक

डोल्टनच्या पुतळ्यांविषयी आधी. बर्स्लेमच्या कारखान्यात १९१३ पासून प्रत्येक पुतळीला एचएन क्रमांक मिळू लागला. ही अक्षरे चित्रकाम विभागाचे प्रमुख हॅरी निक्सन यांच्या नावावरून आली. लेस्ली हॅराडिन यांनी घडवलेली फुगे विकणारी म्हातारी, क्रमांक एचएन १३१५, १९२९ पासून १९९८ पर्यंत तयार होत होती. इतका काळ निघालेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? म्हणून भाव उतरले आहेत. एकच मूर्ती रंग बदलला की वेगळा क्रमांक घेते, आणि मोजकीच वर्षे निघालेला रंग शोधणे हा या छंदाचा खरा आनंद आहे. सिंह आणि मुकुट असलेल्या ठशाच्या उजवीकडे लहानसा अंक दिसला तर त्यात १९२७ मिळवावेत. तेथे ११ असेल तर वर्ष १९३८. ही पद्धत १९२८ मध्ये सुरू होऊन काही दशके चालली. भाव वाढेल या आशेने मात्र या पुतळ्या घेऊ नयेत; आवडली तरच घ्यावी.

दुरुस्तीसाठी सर्वप्रथम बोटे, मान, टोपीची कड, परडीचे कान आणि झुडपाची पाने तपासावीत, कारण मोडतात ते हेच भाग. नखाने किंवा दाताने हलकेच स्पर्श केला तर मूळ झिलई कडक आणि थंड लागते, तर दुरुस्तीवरचा रंग किंचित मऊ आणि उबदार लागतो. अंधारात अतिनील दिव्याखाली नवा रंग व गोंद बहुधा आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळे चमकतात. पाहणीला जाताना भिंग आणि हा दिवा दोन्ही बरोबर न्यावे आणि लिलावगृहाकडून स्थितीचा अहवाल लेखी मागून घ्यावा.

जाळीच्या बाबतीत वस्तूचा प्रकार पाहावा लागतो. स्टॅफर्डशरच्या, चुलीवरच्या फळीवर ठेवण्यासाठी केलेल्या सपाट पाठीच्या व्हिक्टोरियन पुतळ्यांवर ती स्वाभाविक आहे आणि त्यामुळे किंमत फारशी घटत नाही. उलट सर्वत्र सारखी, ठळक आणि तपकिरी रंग चोळल्यासारखी जाळी दिसली तर ती मुद्दाम आणलेली असण्याचा संभव आहे. अशा वेळी तळ पाहावा. जुन्या पुतळ्या साच्यात माती दाबून केलेल्या असल्याने जड असतात आणि हवेसाठी त्यांना लहानसे छिद्र असते. पातळ माती ओतून केलेल्या नव्या पुतळ्या हलक्या असून त्यांना बहुधा बोट जाईल एवढे भोक असते. तळावर ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर वस्तू साधारणपणे १८९१ नंतरची मानावी, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने त्या वर्षापासून मूळ देशाचे नाव लिहिणे बंधनकारक केले.

जाळी पडलेली वस्तू पाण्यात बुडवून ठेवू नये आणि ब्लीच तर कदापि वापरू नये. तो झिलईखालच्या सच्छिद्र मातीत शिरतो, वाळताना त्याचे क्षार फुगतात आणि काही महिन्यांनी झिलईचे पापुद्रे सुटू लागतात. मऊ ब्रशने धूळ झाडावी, फार तर ओलसर कापसाने पुसावे, आणि उचलताना मान किंवा हात न धरता एक हात तळाखाली आणि दुसरा अंगाला लावावा. हाताने पाहण्यासाठी लिलावांच्या पाहणीसारखी सोय नाही, पण अस्सल वस्तू डोळ्यांखालून घालायच्या असतील तर हॅन्लीचे पॉटरीज म्युझियम आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमची मृत्पात्र दालने पाहावीत. लंडनच्या संग्रहालयातील असंख्य वस्तूंची छायाचित्रे त्यांच्या संकेतस्थळावरही मोफत उपलब्ध आहेत, आणि पुढच्या वेळी एखादी नांगराची पुतळी समोर आली तर बोली लावण्याआधी तेथील चेल्सीच्या पुतळ्यांशी तिचे झुडूप, बैठक आणि रंग ताडून पाहता येतील.