मदत हवी आहे: काढ्याने कॅन्सरच्या पेशी १४० टक्के दिसतायत आणि माझी मावशी तोच काढा पितेय

नमस्कार मंडळी, मी मुंबईत एमएस्सी पार्ट टूला आहे. प्रोजेक्टला कांचनारच्या सालीचा काढा घेतलाय, तो सुकवून एमसीएफ-७ पेशींवर (ब्रेस्ट कॅन्सरच्या, पुण्याच्या एनसीसीएसमधून आणलेल्या) ४८ तास ठेवायचा आणि मग एमटीटी करायचं. एमटीटी म्हणजे पिवळा रंग असतो, जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, जितकं जांभळं तितक्या जिवंत. तुलनेसाठी घेतलेल्या डॉक्सोरुबिसिनच्या (केमोचं औषध) वेल्स, म्हणजे प्लेटमधले छोटे खळगे, फिकट येतात, म्हणजे ते बरोबर चाललंय, पण काढ्याच्या वेल्स डोस वाढेल तशा गडद होत जातात आणि सगळ्यात वरच्या डोसला १४० टक्के (काढा न घातलेल्या पेशी म्हणजे १००). तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर त्याच वेल्समधल्या पेशी आक्रसून गोल झाल्यात, तळ सोडून तरंगतायत. डोळ्यांना मेलेल्या दिसतात आणि रीडर (रंग मोजणारं मशीन) म्हणतो वाढल्यात! सर म्हणाले पिपेटिंग सुधार. दोन आठवडे तेच करतेय.

नुसतं प्रोजेक्ट असतं तर एवढं लिहिलं नसतं. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, परळला पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून ती कांचनार गुग्गुळाच्या गोळ्या घेते आणि वर हाच काढा, डॉक्टर ओरडतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही. मी हा विषय घेतला तेव्हा पर्समधून सालीची पुडी काढून म्हणाली, यातलीच घे, बघ तपासून. दर रविवारी फोनवर विचारते, "मेल्या का गं?" घरचे म्हणतात सदाफुलीपासून केमो बनतं मग हे का नाही. १४० चा आकडा बघितल्यापासून मला झोप नाही, तिच्या अंगात पण असंच होत असेल तर? काय सांगू तिला?

प्रतिसाद १:
पिपेटिंगचा दोष वाटत नाही. कांचनारच्या सालीत टॅनिन असतं आणि असली पॉलिफिनॉल्स एमटीटीला स्वतःच जांभळं करतात, पेशी असोत नसोत. पेशी न घालता नुसतं मीडियम (पेशी ज्यात वाढवतात ते द्रव), काढा आणि एमटीटी अशा वेल्स लाव, लगेच कळेल. नाहीतर एसआरबी ही दुसरी टेस्ट कर, त्यात पेशींचं प्रोटीन रंगतं त्यामुळे ही भानगडच नाही. खारघरला अॅक्ट्रेकमध्ये (टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र) स्क्रीनिंग एसआरबीनेच करतात.

प्रतिसाद २:
मावशींबद्दल. प्लेटमध्ये काढा थेट पेशींवर पडतो, प्यायलेला काढा आतडं, लिव्हर पार करून रक्तात किती आणि कुठल्या रूपात उतरतो हे प्लेट सांगत नाही, त्यामुळे १४० आलं काय नि ४० आलं काय, त्यावरून त्यांच्याबद्दल काही ठरवू नकोस. सदाफुलीचं म्हणशील तर १९५८ मध्ये कॅनडात त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं, ते शुद्ध करून मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, पानांचा काढा नाही देत. मला जास्त काळजी गुग्गुळाची वाटते. त्यातलं गुग्गुलस्टेरोन लॅबमध्ये लिव्हरच्या पेशींत सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतं आणि पॅक्लिटॅक्सेल शरीरात मोडण्यात त्याच एन्झाइमचा हात असतो. पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना सांगा, डबीसकट जा.

मूळ धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे. आज पेशी न घालता वेल्स लावल्या, काही तासांनी इन्क्युबेटर उघडला तर काढ्याच्या जांभळ्या, नुसत्या मीडियमच्या पिवळ्याच. तिथेच उभी राहून रडले. सरांना फोटो पाठवलाय. मावशीला फोन केला, ती बराच वेळ गप्प होती मग म्हणाली ते ओरडले तर तू बाजूला उभी राहा. सोमवारी तिच्याबरोबर परळला जातेय, डबी आणि पुडी दोन्ही घेऊन. आता एसआरबी लावायचंय, त्यात थंड टीसीए (पेशी तळाला पक्क्या करणारं आम्ल) घालताना सैल झालेल्या पेशी उपटून येऊ नयेत म्हणून काय करता, कोणी हाताने केलेलं असेल तर सांगा प्लीज.