मदत हवी आहे: पावसाळा संपला आणि लॉनची रया गेली, सगळं उपटून नवं लावायचं का?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. तळमजल्यावर आमच्या फ्लॅटमागे, म्हणजे इमारतीच्या उत्तरेला, एक तुकडा आहे. भिंतीलगत पंचवीस फूट लांब आणि भिंतीपासून सोळा फूट रुंद. सासूबाईंनी हौसेने तिथे मेक्सिकन लॉन लावून घेतलंय. जून-जुलैत दृष्ट लागावी असं हिरवंगार असतं. गणपती गेले की उतरती कळा लागते. दर वर्षीचं हेच रडगाणं.

सध्या भिंतीकडच्या पट्ट्यात गवत विरळ झालंय, खाली शेवाळ आणि काळा चिखल. मधोमध ताटाएवढे पिवळट-तपकिरी चट्टे पडलेत आणि ते वाढताहेत. सकाळी साळुंक्या नेमक्या त्या चट्ट्यांवरच येऊन टोचत बसतात. नळाजवळ लव्हाळा माजलाय, उपटला की आठवड्यात पुन्हा हजर.

माळीदादांचं म्हणणं, सगळं काढा, लाल माती टाका आणि नवे तुकडे अंथरा. नवऱ्याने यूट्यूबवर पाहिलं की ऑक्टोबरात गवताचं बी पेरतात. सासूबाई म्हणतात, युरिया मार आणि गप्प बस. दिवाळीला पाहुणे येणार आहेत, तोवर निदान बरं दिसावं एवढीच इच्छा. कोणाचं ऐकू?

खुरपं

तूर्त कोणाचंच नको. ते व्हिडिओ थंड देशांतले असणार. तिथे फेस्क्यू, राय अशी थंडीत वाढणारी गवतं असतात, त्यांच्यासाठी हा पेरणीचा हंगाम. आपलं मेक्सिकन उष्ण हवेतलं, जमिनीलगत धावते फुटवे टाकून पसरणारं. भोकं बुजवायची तर त्याच लॉनमधल्या मुळं असलेल्या कांड्या काढून लावायच्या. बी विकत घेऊ नका.

आधी त्या चट्ट्यांचं बघा. चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. पाती बुडाशी कुजून सुटी हातात आली तर बुरशी. मुळांसकट अख्खा थर चटईसारखा उचलला गेला तर हुमणी, म्हणजे भुंगेऱ्यांच्या मुळं खाणाऱ्या अळ्या. साळुंक्या उगाच येत नाहीत, मला तरी दुसरीच शंका जास्त आहे. आणि ते कळेपर्यंत युरिया नको, बुरशी असेल तर त्यातल्या नत्राने ती आणखी फोफावते.

टवाळ

प्लास्टिकची हिरवळ अंथरा. पाहुण्यांना चपला काढायला सांगू नका, झालं.

भरदुपार

@टवाळ, ऑक्टोबरच्या उन्हात ती अंथरून त्यावर अनवाणी उभे राहून दाखवा.

ताई, हुमणी-बुरशीचं खुरपं सांगतीलच, पण दर वर्षी गणपतीनंतरच का, याचं उत्तर मला डोक्यावर दिसतंय. मुंबईत सूर्य साधारण 15 मे आणि 28 जुलैच्या सुमारास भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तो थोडा उत्तरेला असतो, म्हणून तुमच्या मागच्या अंगणात तेव्हा छान उजेड. जुलै सरला की तो दक्षिणेला सरकतो. इमारत चाळीसेक फूट उंच धरली तर सप्टेंबरअखेर दुपारची सावली सोळा फुटांवर, ऑक्टोबरच्या मध्यात वीस-एकवीस फुटांवर जाते. डिसेंबरात पस्तिशीच्या पुढे. तुमचं लॉन सोळा फूट. म्हणजे दसऱ्याच्या आसपास भरदुपारीही ते अख्खं सावलीत जातं. नवं लॉन अंथरलं तरी पुढच्या वर्षी हाच धागा पुन्हा काढाल.

भिंतीकडच्या चार-पाच फुटांत गवताचा हट्ट सोडा. तिथे मोंडो ग्रास, स्पायडर प्लांट, नेचे लावा, सावलीत मजेत राहतात.

मुलुंडकरीण

बाप रे, सावलीचा हिशोब कुणी केलाच नव्हता! ओढून पाहिलं. थर खरंच उचलला गेला. खाली करंगळीएवढ्या पांढऱ्या अळ्या, तपकिरी डोकं, अंगाचं वेटोळं केलेल्या. सासूबाई किंचाळल्या. आता?

खुरपं

हीच हुमणी. वळवाच्या पावसात भुंगेरे बाहेर पडून अंडी घालतात आणि गणपती-दसऱ्यापर्यंत अळ्या मुळं खाऊन गलेलठ्ठ होतात. चट्ट्यांखालची चार बोटं माती उकरून हाताला लागतील तेवढ्या वेचा. मग मेटाऱ्हायझियम ही अळ्यांना मारणारी उपयोगी बुरशी आणून पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, ओल्या जमिनीत जिरवा. सोबत बुरशीनाशक मारू नका, नाहीतर हीच मरेल. कच्चं शेणखत टाकायची सवय असेल तर बंद करा, हुमणीला ते फार आवडतं.

त्यानंतर जमीन मोकळी करणं. पावसाने माती ठोकून बसली आहे, म्हणून भिंतीकडे चिखल. वर लाल माती टाकाल तर ती आणखी घट्ट होईल. बागेचा काटा किंवा जाड सळई घेऊन वीतभर अंतरावर तीन-चार इंच खोल भोकं पाडा. वर रेती आणि चाळलेलं गांडूळखत समप्रमाणात पसरून झाडूने भोकांत ढकला. पाव इंचाचा थर पुरे. चारशे चौरस फुटांना सगळं मिळून आठेक घनफूट लागेल. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत.

पंधरा दिवसांनी नवे फुटवे दिसले तर युरिया द्या, चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे पावणेचारशे ग्रॅमच्या आत. दोन हप्त्यांत द्या आणि लगेच भरपूर पाणी. सासूबाईही खूश. कापताना उंचीचा एक तृतीयांशच भाग काढा, सावलीतलं गवत तर जरा उंचच राहू द्या.

लव्हाळ्याला मातीत गाठी असतात. ओढला की वरचं पातं तुटतं आणि गाठ पुन्हा फुटते. पाणी देऊन माती भुसभुशीत झाली की खुरप्याने गाठीसकट काढा. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलंत तर लॉनही जळेल. नळ गळत असेल तर तोही दुरुस्त करून घ्या, लव्हाळ्याला ओल लागते.

दिवाळीला चट्टे पूर्ण भरणार नाहीत, तिथे झेंडूच्या कुंड्या ठेवा.

मुलुंडकरीण

नळ गळतोच आहे. शेवटचं एक, रेती कुठली? शेजारचे म्हणतात किनाऱ्यावरून पिशवीभर आणतो.

खुरपं

ती अजिबात नको, मीठ असतं. बांधकामाची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती घ्या. फक्त त्यातली बारीक भुकटी चाळून, धुऊन काढा, नाहीतर पाडलेली भोकं तीच बुजवून टाकेल.