इंग्रजीत तोंड उघडत नाही, फ्रेंचमध्ये उघडतं. असं का होतंय?

कागलची पोरगी
शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, पण इंग्रजी पहिलीपासून. म्हणजे पंधरा वर्षांहून जास्त. तरी सेमिनारला 'हॅज'च्या जागी 'हॅव' गेलं आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. पुढचं सगळं कागदात बघून वाचलं.

तीन महिन्यांपूर्वी राजारामपुरीत संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गाला जायला लागले. तिथं चुकते आणि लगेच परत बोलते. ऐंशीला ते 'चार वीस' म्हणतात, 'कात्र व्हँ'. माझी आजी शेळ्या मोजताना 'चार इसा'च म्हणायची! वर्गात आकड्यांना सगळे अडले, मी नाही. तू आणि तुम्ही यांतला फरकही आपल्यासारखाच, 'त्यू' आणि 'व्हू'. आणि घरात आम्ही पोरी 'मी गेलो, मी आलो' म्हणतो ना, त्यावरून पुण्याच्या मैत्रिणी टोकतात. फ्रेंचमध्ये 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांचा उच्चार एकच, 'ज स्वी आले'. फक्त लिहिताना बाईसाठी शेवटी एक अक्षर जादा. मला फार बरं वाटलं.

पण घरी वडील म्हणतात, आधी इंग्रजी धड कर, मग हे. फ्रेंच सोडू का?

जुना बी.ए. इंग्रजी
ताई, सोडू नका. इंग्रजीचा आपल्याला सराव कमी आणि धाक जास्त. ती भाषा आपल्याकडे माणसाची पायरी ठरवायला वापरतात, म्हणून चूक झाली की लाज वाटते. फ्रेंचच्या वर्गात सगळेच शून्यावर, कोण कुणाला हसणार? शिवाय 1066 साली फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथल्या दरबारात त्यांची फ्रेंच होती, त्यामुळे इंग्रजीतले हजारो शब्द तिकडूनच आलेत. फ्रेंच शिकताना तुमचं इंग्रजी वाचनही सुधारेल.

उचगावकर
वडिलांचंही ऐका. मुलाखत इंग्रजीतच होते.

डेल्फ बी-वन झालेला
दोन्ही ठेव. डेल्फ म्हणजे फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा, तिच्यात लेखी पेपर असतो तशीच तोंडीही असते. तोंडीच्या तयारीला मी रोज दहा मिनिटं आरशासमोर बोलायचो, चुकलं तर थांबायचं नाही. मग तेच इंग्रजीत सुरू केलं. जीभ तीच आहे, एकीकडं सैल झाली की दुसरीकडंही होते. प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळं घाईनं परीक्षा देऊ नकोस.

कागलची पोरगी
दादा, आरशाचं आजपासून करते. वडिलांना 'चार इसा'ची गोष्ट सांगितली, तर आपल्या आईच्या आठवणीनं बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, महिनाभर जाऊन बघ. शुक्रवारी परत सेमिनार आहे. पहिली पाच मिनिटं कागद खाली ठेवणार.